जेवणाच्या सुट्टीतले फोन

मिरकरवाडा बंदराजवळच्या कोळंबीच्या कारखान्यात मी सुपरवायझर होते. बायका ओळीने उभ्या राहून कोळंबी सोलायच्या. डोक्याला टोपी, पायात गमबूट, आणि फोन प्रत्येकीच्या एप्रनच्या आत लपवलेला. मला ते माहीत होतं, पण मी काणाडोळा करत असे.

मग एका पोरीने शेडमध्येच गाण्यावर रील काढली. मागच्या खोक्यांवर गिऱ्हाईक कंपनीचं नाव स्वच्छ दिसत होतं. कंपनीने ती रील शेठना पाठवली. पोरीची नोकरी वाचली, पण सगळ्यांचे फोन गेटवरच्या कपाटात बंद झाले. घरी काही अडलंनडलं तर ऑफिसातला फोन होताच. कुणाचा गॅस संपायचा, कुणाच्या पोराला ताप यायचा. निरोप मी शेडमध्ये पोचवत असे. कुरकुर झाली आणि थांबली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

पावसाळ्यानंतर एक नवी बाई कामाला लागली. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. हात मात्र झरझर चालायचे. काम खुणेने दाखवलं की पुरे. तिचा नवरा बर्फाच्या कारखान्यात होता, तोही तसाच. सासू गावी बुरोंडीला, इथे दोघंच राहायची.

एका दुपारी ट्रॉलर उशिरा लागले आणि माल भरपूर आला. मी ओव्हरटाइम सांगितला. घरी कळवायला बायका ऑफिसच्या फोनपाशी रांगेत उभ्या राहिल्या. तीही राहिली. तिची पाळी आली, तिने रिसीव्हर उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच परत ठेवला.

मी कागद पुढे केला. तिने नवऱ्याचा नंबर लिहिला. माझ्या मोबाइलवरून मी मेसेज टाकला, 'आज उशीर होईल.' लगेच त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फाच्या लाद्या, आणि घाबराघुबरा होऊन तो हातांनी काहीतरी विचारत होता. मला एक अक्षर कळलं नाही. मी फोन तिच्याकडे दिला. तिने तो टेबलावर पाणी प्यायच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही हातांनी बोलायला लागली. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बोट दाखवून गाल फुगवले. तिकडे तो हसला, इकडे रांग हसली. मलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी शेठना सांगून मी तिला जेवणाच्या सुट्टीत कपाटातला तिचा फोन द्यायला लागले. चारच दिवसांत एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताईनु, तिला फोन मिलतो, मंगे आमाला का नाय?"

"अगो, तिची गोष्ट वेगळी आहे."

"माजा घरवाला जहाजावर हाय. जहाज बंदराला लागला की दुपारचाच फोन करतो. मना कवा घावनार तो?"

तिचं काही खोटं नव्हतं. मी पुन्हा शेठकडे गेले.

"आणि परत कुणी रील काढली तर?" शेठनी विचारलं.

"शेडमध्ये फोन नकोच. सुट्टीत बाहेरच्या पडवीत घेऊ देत. परत आत येताना हात धुऊन, फोन कपाटात."

"जबाबदारी?"

"माझी."

त्यांनी मान डोलावली, नाराजीनेच.

आता सुट्टी झाली की पडवीत गलका होतो. कुणी पोराला अभ्यासावरून झापते, कुणी डबा तसाच ठेवून व्हिडिओ बघत बसते. रीलवाली पोर पडवीत बसून केसांची स्टाइल दाखवते. मागे फक्त विटांची भिंत. जहाजवाल्याचा फोन आला की त्याची बायको सगळ्यांकडे पाठ करून बसते आणि तिला कुणी हाक मारत नाही. कोपऱ्यात ती नवी बाई दोन हातांनी बोलत असते. घंटा तिला ऐकू येत नाही, म्हणून जाता जाता कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावतं. बाकीच्यांना ऐकू येते, तरी उठत नाहीत. त्यांना आत आणायला मला रोज ओरडावं लागतं.