कॅल्शियमची सीलबंद बाटली

तीन आठवडे मी कामठ्याच्या बोकडांची बदनामी केली. चूक माझी होती, पण ते नंतर कळलं.

माझा एम.एस्सी.चा प्रकल्प बोकडाच्या वृषणातल्या लायडिग पेशींवर. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी त्या. मेंदूकडून हुकूम सुटला की त्यांच्या आवरणातली बारीक दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि काम सुरू होतं. मी क्षारांच्या पाण्यात पेशी ठेवायचो, हुकमाचं संप्रेरक घालायचो, नमुने नागपूरला मोजायला पाठवायचो. आलेख दर वेळी सपाट. प्रबंधाला पंधरा दिवस उरलेले. नाही तर वर्ष वाया. मी माझ्या मार्गदर्शक रुचिका मॅडमना सांगून टाकलं, “बोकड म्हातारे येताहेत.”

बोकड हे खेमराजभाऊंचं खातं. आमच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं परिचर. पहाटे कामठ्याच्या, म्हणजे आपल्या गावच्या, खाटकाकडून ताजे कपुरे, म्हणजे बोकडाचे वृषण, बर्फावर घालून डब्यात आणायचे. त्या डब्याला त्यांच्या बायकोनं, रुख्माबाईंनी, घरात कायमची बंदी घातलेली. बारावी सायन्सला रसायनशास्त्रात चार गुणांनी राहिलेला हा माणूस चिमट्यानं कपुऱ्यावरचा पडदा असा सोलायचा की वर्गातली रेणू मला सोडून त्यांनाच शिकवायला सांगायची. मी तेव्हा उगाच चाळण्या धूत बसायचो.

बोकडांवरचा आरोप त्यांच्या कानावर गेला.

“काऊन गा, दीड वर्साच्या बोकडाले म्हातारा म्हणून राहिला?”

“मग टेस्टोस्टेरॉन वाढत का नाही?”

त्यांनी फडताळातून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. “कॅल्शियमची हे. जूनमंधी मीच ठेवली. सील तसंच हाये. तू पाण्यात काय टाकून राहिला मंग?”

मी कृतीचा कागद काढला. कॅल्शियम क्लोराइडच्या ओळीवर चहाचा डाग होता, आणि ती ओळ मी तिन्ही वेळा गाळली होती.

भाऊंच्या घरात तीन पिढ्या गावच्या तलावाचं पाणी सोडायचं काम. ते हसले. “दार उघडून काय फायदा, बाप्पा? तलावातच पाणी नसन त बांधीत कुठून येईल?”

दोन वर्षं आयन चॅनेल, म्हणजे हीच दारं, घोकून मला जे सांगता येत नव्हतं, ते या माणसानं धानाच्या शेताचा, बांधीचा, दाखला देऊन सांगितलं. आभार मानायचे सोडून मला मिरच्या झोंबल्या.

चौथ्या खेपेला आलेख टेकडीसारखा चढला. वर्ष वाचलं. मॅडमनी आलेख बघितला, बाटलीची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, “खेमराज, तुम्ही इकडे कुठे अडकलात हो?” माझ्याकडे बघून फक्त, “डाग पूस.”

भाऊंनी एकच मागितलं होतं. “ते दार उघडते तवा कसं दिसते, मले एक डाव दाखवजो.” मी हो म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या प्रयोगशाळेत रंग घातलेल्या पेशी कॅल्शियम शिरताच एकेक करून उजळताना पाहिल्या. अठरा सेकंदांचा व्हिडिओ घेतला. मॅडमना दाखवला, रेणूला दोनदा दाखवला.

भाऊंना नाही. ते बघतील आणि पुन्हा असं काही बोलतील, की तो व्हिडिओही त्यांचाच होऊन जाईल.

रेणूकडून कळल्यावर सोमवारी त्यांनी विचारलं, “काय गा, आणला का तो व्हिडिओ?”

“मोबाइल चार्जिंगला आहे, भाऊ,” मी म्हटलं. मोबाइल खिशात होता.