बिनझाडाचं जीन

जिनाच्या आतल्या सांगाड्याला इंग्रजीत ‘ट्री’ म्हणतात, हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं, "झाड कशाचं, बाभळीचं का?" त्या चेष्टा करत नव्हत्या. पूर्वी हा सांगाडा लाकडाचाच असायचा. माझ्या घोडीला तो सोसत नव्हता, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं.

माझी घोडी हे आपलं म्हणायचं म्हणून. ती ताथवड्याच्या पलीकडच्या घोडेस्वारीच्या शाळेची. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. पहिली शिफ्ट सुटली की थेट तिच्याकडे. रंगानं पांढरी, पाठीनं रुंद, स्वभावानं माझ्यासारखीच तिरसट. कडक जीन चढवलं की दात खायची, कान मागे टाकायची. डॉक्टरांनी खांद्यामागची सूज दाखवली, तेव्हा मी हट्टानं बिनझाडाचं जीन मागवलं. वर कातडं, आत जाड फोम, सांगाडा नाही. घोडी हळूहळू मोकळी झाली. मान सोडून, पाठ झुलवत अशी चालायला लागली की शाळेचे सर, लष्करातून निवृत्त झालेले आणि कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष, कठड्याला टेकून बघत राहायचे. वर टोमणाही मारायचे, "तुमची ही खोगीरभरती स्पर्धेत चालणार का?"

स्पर्धा ड्रेसाजची होती. आखलेल्या मैदानात घोड्यानं चालायचं, दुडकायचं, वळायचं, थांबायचं, तेही स्वाराचा हात हललेला न दिसता. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आजूबाजूला टॉवर उठलेत, जागा आक्रसतेय, एक जनावर कमी करावं लागणार. घोडीनं स्पर्धेत नाव काढलं तर ती राहील. नाहीतर राजगुरुनगरकडचा एक वरातवाला तिला मागतच होता.

मैदानात शिरण्याआधी तपासणीला आलेल्या गृहस्थांनी जिनाखाली हात घालून दाबून पाहिलं. "मॅडम, यात ट्री नाही. आमच्याकडे असं नुसत्या गादीचं खोगीर चालत नाही. दुसरं घाला, मी थांबतो."

मी भांडले. दुसरीकडे चालतं, असं मी म्हणाले. आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या लोक खोगिरावरच दौडले, तेव्हा कुणाला झाड आठवलं नाही, असंही म्हणाले. ते शांतपणे ऐकून घेत राहिले. माणूस सज्जन होता, तीच पंचाईत. सरांनी गाडीतून कडक जीन आणलं. "पाच-सात मिनिटांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. जीन बघताच घोडीनं कान मागे टाकले. मी नाव मागे घेतलं.

त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. आता जीव तुटतो. तेवढी मिनिटं तिनं सोसली असती, आणि सोसून कदाचित इथंच राहिली असती. कदाचित बिथरलीही असती. मी नाही म्हणाले ते चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही, आणि म्हणूनच ही हळहळ कुठं ठेवावी ते कळत नाही.

घोडी वरातवाल्याकडे गेली तेव्हा जीन मी तिच्याबरोबरच दिलं. लग्नसराई संपल्यावर बघायला गेले, तर ते गोठ्यात खुंटीला होतं.

"चांगलं हाय ताई," वरातवाला अजिजीनं म्हणाला, "पन नवरदेव चढाया लागला की आख्खंच एका अंगाला फिरतंय. एक तर पार खाली आला, फेट्यासकट. घिऊन जावा तुमचं."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. घोडीची आबाळ नव्हती. वैरण भरपूर होती, अंगाला खरारा केलेला होता. मी तिच्या खांद्यामागे हात ठेवला. सूज परत आली होती. तिनं अंग चोरलं आणि माझ्या हातावर दात विचकले.

वरातवाल्यानं घाईनं तिची दोरी धरली. "भिऊ नगा ताई," तो म्हणाला. "नव्या मान्साला ती अशीच करती."