बोटभर डावीकडे

सोनगीरच्या किल्ल्यामागे जे छोटं गाव आहे, तिथल्या पंडितला बंदूक चालवता येते ही गोष्ट आसपासच्या साऱ्या खेड्यांना ठाऊक होती, आणि तीच त्याच्या मुळावर आली. पंडित काही शिकारी नव्हता. जत्रेत फुगे फोडायचा गाडा असतो ना, फळीवर रंगीबेरंगी फुगे आणि समोर टेबलावर छऱ्याच्या बंदुका, तो त्याचा धंदा. ऐन तिशीपासून तो साक्रीपासून सारंगखेड्यापर्यंत जत्रा करत फिरला. आता पन्नाशी आली होती आणि गुडघे कुरकुरत होते.

या धंद्यात एक गंमत असते. बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा नेम धरायचा खुंट, मुद्दाम जराशी वाकवलेली असते. गिऱ्हाईक नेम धरतं फुग्यावर आणि छरा जातो उजवीकडे. दोन-चार वेळा हुकलं की ते चिडतं, बंदूकच खोटी आहे म्हणतं. मग पंडित शांतपणे बंदूक हातात घ्यायचा, सगळ्यांना दिसेल असा बरोब्बर फुग्यावर नेम धरायचा आणि घोडा ओढता ओढता हात बोटभर डावीकडे सरकवायचा. सरकवलेला कुणाला कळत नसे. फट्कन फुगा फुटला की गिऱ्हाईक खजील व्हायचं आणि ईर्षेला पेटून पुन्हा खेळायचं. याला लबाडी म्हणायची तर खुशाल म्हणा. जत्रेला जाणारा तरी कुठे खऱ्याच्या शोधात जातो?

तर गावाला वानरांचा ताप झाला. किल्ल्याच्या डोंगरातून टोळी उतरायची आणि पपईच्या बागेत शिरायची. खायची थोडी, नासायची फार. फटाके झाले, थाळ्या बडवून झाल्या, झाडांना चमकत्या पट्ट्या बांधून झाल्या. वानरं त्या पट्ट्या काढून गळ्यात घालायची. शेवटी गावानं वर्गणी काढली आणि सरपंच बन्सीलालनं धुळ्याहून एक बंदूक आणली.

मारुतीच्या पारावर खोकं उघडलं. आत लांबलचक काळी बंदूक, वर बसवायची दुर्बीण, हवा भरायचा पंप, छऱ्यांच्या डब्या, खांद्याचा पट्टा, नळी टेकवायला पुढे लावायचे दोन पाय. परवाना न लागणारी, पण त्यातली सगळ्यात जोरदार, असं दुकानदारानं सांगितलं होतं. सगळं गाव भोवती गोळा झालं, सगळ्यांनी डोळे भरून पाहिली, पण हात कुणी लावला नाही.

"मी नही लावत हात," म्हातारा झुलाल म्हणाला. त्याचीच बाग सगळ्यात मोठी होती आणि वर्गणीही त्यानंच सगळ्यांत जास्त दिली होती. "मारुतीनं रूप शे ते."

मग बन्सीलाल पंडितकडे वळला. "पंडितभाऊ, बठ्ठा गावमा बंदूक फक्त तुमलेच येस. आते नही म्हनू नका."

गाव मोठं हुशार असतं. पपई वाचली तर सगळ्यांची, आणि पाप लागलं तर एकट्या पंडितचं. पंडितला हे कळलं नाही असं नाही. पण पारावर चारचौघांत आपलं नाव मानानं घेतलं गेलं, ते त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होतं. तो हो म्हणून बसला.

घरी त्याच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, खोकं पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली. त्यांची एकुलती एक लेक मेघा नशिराबादला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि आता कुठे सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. पुष्पाबाईंनी खोली सारवून घेतली होती, डिंक आणि खारीक आणून ठेवली होती.

"हाई वस्तू घरमा नको," त्या म्हणाल्या. "पोर बाळंतपनले येनार शे."

"मी कोठे मारस? मी त नुसता भेवाडस," पंडित म्हणाला. "पोर येवाना आधी बंदूक सरपंचना घरले ठी दिसू."

हे त्यानं मनापासून सांगितलं. पुष्पाबाईंनीही मनापासून ऐकलं, आणि खोकं गोठ्यात ठेवायला लावलं.

नव्या बंदुकीची सवय करायला पंडितला आठवडा गेला. जत्रेतली बंदूक मधे वाकवून उघडायची, छरा घालायचा, झालं. हिचं तसं नव्हतं. आधी पंप जमिनीवर रोवायचा, त्याची नळी बंदुकीला जोडायची, आपले दोन्ही पाय त्याच्या पट्टीवर ठेवायचे आणि अंगाचा सगळा भार टाकून दांडा दाबायचा. हवेचा काटा हळूहळू वर चढायचा आणि पंडितचा श्वास भराभर. पंपाला पाणी सुटतं म्हणून मधे थांबायचं, पुसायचं, पुन्हा दाबायचं. मग शेताच्या बांधावर गोवरी उभी करायची, बंदूक दोन पायांवर टेकवून खाटेवर पालथं पडायचं, दुर्बिणीतल्या फुलीत गोवरीचा मध्य धरायचा आणि छरा कुठे लागतो ते बघून दुर्बिणीचे स्क्रू फिरवायचे. हळूहळू छरे एकाच जागी लागू लागले. पहिल्यांदा गोवरीच्या मधोमध भोक पडलं तेव्हा पंडित चक्क हसला. सरळ धरली की सरळ जाणारी बंदूक त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

पुढचे काही दिवस बरे गेले. वानरं आली की पंडित त्यांच्या बाजूच्या फांदीवर छरा मारायचा. फांदी तडकली की टोळी पळायची. शनिवारी तो बंदूक शिवत नसे, आणि वानरांनाही जणू ते कळलं होतं, ती शनिवारी हटकून यायची. लोक हसायचे. पंडितला वाटलं, निभतंय. मेघाला आणायचा दिवस ठरला. पंडितनं भाड्याची गाडीही सांगून ठेवली.

त्याच आठवड्यात झुलालच्या बागेत टोळी घुसली. बोलावणं आलं तसा पंडित जेवता जेवता उठला. बांधावर पोचला तेव्हा झुलाल, बन्सीलाल आणि आणखी पाच-पंचवीस माणसं गोळा झालेली. "मार, मार" असा एकच गिल्ला. खाली टेकून, दोन पाय लावून नेम धरायला वेळच मिळाला नाही. त्यानं उभ्याउभ्याच बंदूक खांद्याला लावली. लिंबाच्या झाडावर एक मोठं वानर बसलं होतं आणि पंडितच्या बाजूनं पाहता त्याच्या उजवीकडे एक वाळकी फांदी होती. पंडितनं नेम धरला तो फांदीवर. अगदी बरोब्बर फांदीवर. भोवती गर्दी, गर्दीचा गलका, सगळ्यांचे डोळे आपल्या हाताकडे. जत्रेत असतं तसंच सगळं होतं. त्यानं घोडा ओढला आणि ओढता ओढता हात आपसूक बोटभर डावीकडे सरकला.

वानर आवाज न करता खाली पडलं.

गिल्ला थांबला. पंडितला आधी कळेचना. मग त्याला आपल्या मनगटाची ती हालचाल आठवली. त्यानं बंदूक बांधावर ठेवली आणि तिथेच मटकन बसला. ज्यांच्या तोंडून "मार, मार" निघालं होतं त्यांतला एकही त्याच्या जवळ आला नाही.

पहिला सावरला तो बन्सीलाल. "कोनी काही दखं नही," तो हळू आवाजात म्हणाला. "लाइटना तारले चिटकीसन मरी गयं. समजनं का बठ्ठासले?" सगळ्यांनी माना हलवल्या.

मग गावानं आपला धर्म पाळला. वानर गेलं की गाव त्याची माणसासारखी माती करतं, तिथे कसूर नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली झेंडूनं सजवली, वानराला बसतं करून शाल पांघरली, गुलाल उधळला, भजनी मंडळ पुढे. बायका नारळ घेऊन आल्या. मारुतीच्या देवळामागे खड्डा करून समाधी दिली. तेराव्याला भंडारा ठरला आणि झुलालनं त्याची सगळी साखर आपल्याकडून जाहीर केली. सुतक म्हणून काही पुरुष डोकं भादरून घ्यायला बसले, त्यांत पंडित पहिला. वस्तरा फिरत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बाहेरगावच्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, मुक्या जीवावर माया करावी ती अशी.

तो व्हिडिओ नशिराबादला पोचला, पण खरी गोष्ट त्याच्या आधीच पोचली होती. गावानं तोंड मिटलं होतं ते वनखात्यापुरतं, सोयऱ्याधायऱ्यांपुरतं नव्हे.

मेघाचा फोन आला. "आबा, बंदूक आजून घरमाच शे का?"

पंडितनं दारातून गोठ्याकडे पाहिलं.

"मनी सासू येवाले नही म्हनस," एवढं बोलून तिला रडू फुटलं.

पंडितनं त्याच पावली खोकं उचललं आणि बन्सीलालच्या दारात नेलं. बन्सीलाल उंबऱ्याच्या बाहेर येऊन उभा राहिला. त्याच्या नातवाचं जावळ होतं, अशा वेळी ही वस्तू घरात कशी घ्यायची? झुलालकडे मुलाचं लग्न होतं. एकाकडे सून पोटुशी, एकाकडे सप्ताहाचं पारायण. ग्रामपंचायतीच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली सापडत नव्हती. प्रत्येकानं चहा विचारला, जो तो गोड बोलला, पण खोकं कुणी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पंडितला वाटलं, बंदूक विहिरीत टाकावी. पण गावाची वस्तू, गावाच्या वर्गणीची. उद्या लोक तेही विचारतील.

तो पुन्हा बन्सीलालकडे गेला आणि हात जोडले. बन्सीलालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट होतं.

"दखा भाऊ, तुमना हातथीन एक व्हई गयं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "आते दुसराना डोकावर कसाले टाकतस? आनि वनखातावाला इचारतीन, त आम्ही बठ्ठा तुमना मांगे शेतसच ना."

मागे आहोत, म्हणजे तुझं नाव आमच्या हातात आहे. पंडितला ते नीट कळलं. तो खोकं घेऊन घरी आला आणि गोठ्यात ठेवून त्याच्याजवळच बसून राहिला. त्याला आपल्या हाताचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त पारावर हो म्हणणाऱ्या स्वतःचा.

लेक आली नाही, तेव्हा पुष्पाबाईच नशिराबादला निघाल्या. लेकीच्या सासरी राहून तिचं बाळंतपण करायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. डिंक-खारकेची पिशवी घेतली, सारवलेल्या खोलीला कडी घातली. पंडित एसटीपर्यंत पोचवायला गेला. त्या पिशवी मांडीवर घेऊन पलीकडच्या खिडकीशी बसल्या. चार शब्द टोचून बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरात पंडित एकटा. तेरावा झाला, भंडारा झाला, लोक पोटभर जेवले. पुढे महिना-दीड महिना वानरं फिरकली नाहीत.

फोन आला तो सकाळी, पंडित चूल पेटवत असताना. "पोर व्हयनी," पुष्पाबाई म्हणाल्या. "दोन्ही चांगल्या शेतस." मागे बारीकसं रडणं ऐकू येत होतं. पंडितनं फोन कानाशी घट्ट धरला.

"मी येऊ का दखाले?"

"आते नको," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्या लोके नही म्हनतस."

फोन ठेवला तेव्हा दारात बन्सीलाल उभा होता, मागे झुलाल. पंडितचा चेहरा पाहून बन्सीलालनं विचारलं, काय झालं? पंडितनं सांगितलं. बन्सीलालचा चेहरा खरोखर उजळला.

"अरे वा! आजोबा व्हयनात तुमी! पेढा खावाडा!" त्यानं पंडितला मिठी मारली. झुलालही पुढे झाला, दोन्ही हात जोडून म्हणाला, मारुतीची कृपा. मग बन्सीलालनं मिठी सोडली आणि आवाज जरा खाली आणला. "पन आधी बागमा चला, भाऊ. वांदरे उनात."

पंडितनं त्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं तर आज म्हणायला हवं, असं त्याला वाटलं. पण नाही म्हणून वाचवायचं होतं ते लेकीचं माहेरपण तर केव्हाच हातचं गेलं होतं. तो गोठ्यात गेला, पंप बाहेर काढला, दोन्ही पाय पट्टीवर ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकून हवा भरू लागला. बन्सीलाल आणि झुलाल दोन पावलं लांबच उभे राहिले.