घाटातला आरसा

दादाच्या गाडीचा गिअरबॉक्स मी खराब केला आणि वर्षभर तो दोष दादाला वाहू दिला.

करी रोडची आमची चाळ पाडायला निघाली होती. आईचं आरशाचं कपाट भाड्याच्या खोलीत मावेना, म्हणून मी ते गावी न्यायचं ठरवलं. दादाची गाडी ऑटोमॅटिक, मागे ट्रॉली जोडायला हूक. किल्ली देताना त्याने एवढंच बजावलं, "घाटात दांडा डी वर ठेवू नको. एलमध्ये, खालच्या गिअरात टाक नि हळू चढ. मागे वजन असलं की तिला गिअर ठरवता येत नाही रे."

नव्या बोगद्याने न जाता मी मुद्दाम जुन्या घाटाने चढलो. लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेला तो रस्ता. धुकं होतं. मागे ट्रॉलीवर कपाट उभं बांधलेलं, त्याच्या आरशात आभाळ आणि झाडं वळणावळणाला तरंगत होती. गाडीतल्या आरशात तो आरसा बघत मी चाललो होतो. आई पदर सारखा करत त्यात डोकावेल असं वाटत होतं. गाडी वरचा गिअर घ्यायची, दमायची, खालचा घ्यायची, पुन्हा वरचा. झोपेत कूस बदलावी तशी. जळका वास आला तेव्हा माथा दिसत होता. दांडा अजून डी वरच होता.

परतल्यावर किल्ली दिली, बोललो काहीच नाही.

पुढे लालबागच्या पुलावर गाडी नुसती गुरगुरायची, चढायची नाही. परळच्या गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं काळं पडलेलं तेल दाखवलं. दादा हळूच म्हणाला, "मीच बदलायला विसरलो असणार. बाबांसारखंच सुरू झालं बहुतेक." शेवटी शेवटी बाबा आम्हाला ओळखत नव्हते. मी शेजारीच उभा होतो. त्यानंतर दादाने गाडी चालवणं सोडलं. गॅस बंद केला का, हे तो वहिनीला तीनतीनदा विचारू लागला.

या मे महिन्यात आम्ही दोघं गावी गेलो. दादा कपाटाचा आरसा पुसत होता. मी मागे उभा राहिलो. आरशातून त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणून बोलता आलं.

"दादा, तू काही विसरला नव्हतास. अख्खा घाट मी डी वर चढलो. वास आला, तरी तुला सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."