एका टेम्पोत मावणारे पाणराखे

पाणराखे हे आडनाव ऐकलं की समोरचा आधी थबकतो, मग डोळे बारीक करतो आणि विचारतो, "म्हणजे नेमके कोण तुम्ही?" हा प्रश्न गावाचा नसतो, जातीचा असतो. ओळखीचं आडनाव कानावर पडलं की लोक मनातल्या मनात माणसाला एका खणात टाकतात आणि मोकळे होतात. पाणराख्यांसाठी कुणाकडं खणच नाही, त्यामुळं विचारणाऱ्याची पंचाईत होते. होते ते बरंच होतं. लक्ष्मणराव पाणराख्यांचं या प्रश्नाला जन्मभर एकच उत्तर राहिलं.

"माणूस."

हे उत्तर त्यांनी शाळेत मास्तरांना दिलं आणि छडी खाल्ली. तलाठ्याला दिलं, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना दिलं, कंपनीच्या गेटवर दिलं. उत्तर काही बदललं नाही.

लक्ष्मणरावांचं गाव चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या अंगाला. एके काळी नदीवरच्या बंधाऱ्यातून गावाच्या शिवारात पाट यायचा. कुणाच्या रानात पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, आणि कुणी चोरून पाट फोडला तर काठी घेऊन त्याच्या अंगावर कुणी धावायचं, हे काम एका घराकडं होतं. गाव त्या घराला पाणराखे म्हणू लागलं. त्याआधी त्यांचं आडनाव काय होतं हे गावही विसरलं आणि घरही विसरलं. आता तो पाट एका कंपनीच्या पार्किंगखाली गाडला गेलाय, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचं पाणी राखलं त्यांच्या दारात उन्हाळ्यात टँकर येतो. तोही सोसायट्यांच्या टाक्या भरून झाल्यावर. लक्ष्मणराव टँकरवाल्याला मनसोक्त शिव्या घालतात आणि मग त्यालाच चहा पाजतात.

जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा लक्ष्मणराव तिथल्याच एका कंपनीत स्टोअरला लागले. उरलेल्या तुकड्यावर भाड्यानं द्यायच्या खोल्या उठवल्या. खायची ददात राहिली नाही. पण त्यांना भूक होती ती वेगळीच. भावकीची.

या पट्ट्यातल्या जुन्या गावांत भावकी नसलेला माणूस म्हणजे मधल्या रुळावर सोडून दिलेला डबा. एकेका आडनावानं अर्धं गाव भरलेलं. लग्नात त्यांची रांग मांडवाबाहेर जाते, निवडणुकीत उमेदवार त्यांच्या ओट्यावर आधी येतो, मयतीला खांदेकरी शोधावे लागत नाहीत. आणि पाणराखे किती? गावात दोन घरं, राजगुरुनगरला एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर, आणि पिंपळे गुरवला प्रीतम नावाचा चुलतभाऊ. तो तर दुकानाच्या पाटीवर नुसतं 'प्रीतम' लिहितो, म्हणजे कुणी विचारायलाच नको. "सगळी पाणराखी एका टेम्पोत मावत्याल, आन् वर चार शेळ्या बसत्याल," असं छबूबाई म्हणायच्या. छबूबाई म्हणजे लक्ष्मणरावांची थोरली बहीण. देहूरोडला दिलेल्या, पण जीव आणि जीभ दोन्ही माहेरी.

लक्ष्मणरावांनी शोध सोडला नव्हता. चौकात कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की ते गाडी बाजूला घेऊन खालच्या शुभेच्छुकांची नावं शेवटपर्यंत वाचायचे. गॉगल लावलेली पोरं ओळीनं, आणि त्यांत एकही पाणराखे नाही. दवाखान्यात, बँकेत नाव पुकारलं की कान तिकडं. मग निराश होऊन घरी यायचे आणि बायकोवर, जयमालाबाईंवर, विनाकारण खेकसायचे.

आणि एका सकाळी कंपनीच्या गेटवर ठेकेदाराचा माणूस ओरडला, "पाणराखे!"

"काय रे?" लक्ष्मणराव आतून म्हणाले.

"हाजर!" बाहेरच्या रांगेतून आवाज आला.

नव्या कॉन्ट्रॅक्ट पोरांच्या रांगेत एक काटकुळा माणूस हात वर करून उभा होता. लक्ष्मणराव स्टोअरची किल्ली हातात तशीच घेऊन गेटबाहेर आले.

"तू कोण पाणराखे?"

"मी म्हंजे... मीच की. उद्धव पाणराखे."

"कुठला?"

"परभणीकडला, साहेब."

"साहेब नगं म्हणू. दादा म्हण."

झाली चौकशी. या भागात माणूस पोरगी बघायला जाऊ दे नाहीतर म्हैस, आधी गाव, कुळ, देवक, मामाचं गाव, सगळं खोदून खोदून विचारतो. लक्ष्मणरावांनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्याच संध्याकाळी उद्धवरावांची वळकटी सहा जणांच्या खोलीतून उचलून स्वतःच्या खोल्यांतल्या एका खोलीत आणून ठेवली आणि जयमालाबाईंना असं सांगितलं, जसा काही भाऊ जत्रेत हरवला होता आणि आज सापडला, "आपला उद्धव आलाय. ताट वाढ."

मग वर्षं गेली. उद्धवराव परमनंट झाले, गावाकडून बायको आणि मुलगा सुजित यांना घेऊन आले. गावच्या लग्नांत ते भावकीच्या पंगतीला बसू लागले. लक्ष्मणरावांचे वडील गेले तेव्हा तर उद्धवरावांनी शिफ्टा बुडवून दहा दिवस सुतक पाळलं, डोकं भादरलं. "कोण वारलं?" सुपरवायझरनं विचारलं. "चुलते," ते म्हणाले. हेल्मेट डोक्यावर ठरत नाही म्हणून लाइनवर सगळे हसले. पण दहाव्याला घाटावर पाणराख्यांकडून पाच डोकी भादरलेली दिसली. लक्ष्मणरावांना त्या दु:खातही ती मोजल्याशिवाय राहवलं नाही.

सुजितला लक्ष्मणरावांची मुलगी स्वरूपा राखी बांधायची असं ठरलं होतं. फक्त ठरलंच होतं. दर राखीपौर्णिमेला सुजितला नेमका काहीतरी क्लास असायचा, मोठा झाल्यावर ओव्हरटाइम. मोठ्यांच्या हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मोठी माणसं स्वतःच्याच कौतुकात असतात.

यंदा एका गुरुवारी ते लक्षात आलं. गुरुवार म्हणजे इथल्या कंपन्यांची सुट्टी, त्यामुळं घरातले स्फोट सगळे गुरुवारीच होतात. लक्ष्मणराव जेवायला बसले होते. जयमालाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "स्वरूपा आन् सुजित लगीन करायचं म्हणत्यात."

"कुणाशी?"

"एकमेकांशी."

ताट सरकलं, तांब्या कलंडला. "भाऊ हाय त्यो तिचा!"

"कुठनं?"

"कुठनं म्हंजे? आडनावानं! सुतक पाळलंय त्यांनी आपलं!"

स्वरूपा दारात उभी होती. ती एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मापात न बसणारे पार्ट बाजूला काढायची सवय. ती म्हणाली, "अण्णा, त्यांना भाऊ तुम्ही केलंत. मला कुणी विचारलं होतं का?"

लक्ष्मणराव चप्पल न घालता बाहेर पडले आणि टँकरवाल्यावर जाऊन ओरडले. बिचारा त्या दिवशी वेळेवर आला होता.

निरोप देहूरोडला पोचला आणि पुढच्या गुरुवारी छबूबाई पिशवी घेऊन हजर. सगळ्यांना वाटलं, आता या आगीत तेल ओतणार. त्या ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि भावाला म्हणाल्या, "लक्षिमना, येक सांग. त्याचं देवक काय?"

लक्ष्मणरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुझं मला म्हाईत हाय. आपलं कळंब. लग्नात कळंबाची फांदी आनल्याबिगर आपला मांडव उभा ऱ्हात न्हाई. त्याचं काय?"

"इचारलं न्हाई."

"इतक्या वर्सांत?"

"न्हाई म्हन्लं ना!"

लक्ष्मणराव ओरडले खरे, पण त्या ओरडण्यात जोर नव्हता. इतकी वर्षं तो प्रश्न त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन परत गेला होता. आडनाव जुळतं, पण देवक जुळलं तरच रक्त एक. जुळलं नाही तर उद्धव पुन्हा परभणीकडचा एक भाडेकरू, आणि पाणराखे पुन्हा टेम्पोत. म्हणून त्यांनी कधी विचारलंच नाही. आणि आता भोवऱ्यात असे अडकले की देवक एक निघालं तर पोरीचं लग्न मोडणार, वेगळं निघालं तर भाऊ जाणार. दोन्हीकडून नुकसान त्यांचंच. छबूबाईंनी भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "पोरगी सुकलीय रं. बघ तरी तिच्याकडं."

"बोलवा उद्धवाला," लक्ष्मणराव म्हणाले.

उद्धवराव आले. मागं सुजित, मान खाली. देवकाचं विचारल्यावर उद्धवरावांनी डोकं खाजवलं. "मला काय म्हाईत, दादा? आमच्याकडं ते सगळं बायाच बघतेत. आपण आपलं बँडबाजा आन् जेवणाचं बघतो. मायला फोन लावू का?"

फोन स्पीकरवर ओट्याच्या मधोमध ठेवला. पलीकडून कुसुमताईंचा, उद्धवरावांच्या आईचा आवाज आला. "कोण? उद्धव? जेवलास का?"

"जेवलो माय. आपलं देवक काय गं?"

"आँ?"

"देवक! लग्नातलं देवक!"

"कोणाचं लग्न?"

"ते सांगतो मागून. आधी देवक सांग."

"थांब जरा, शेळी आत शिरलीय." मग फोनमध्ये नुसती हाडतहुडत, भांडं पडल्याचा आवाज, शेळीचं बें. स्वरूपानं ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं झालं. लक्ष्मणराव समोरच्या भिंतीकडं बघत होते. उत्तर कुठलं यावं म्हणून मनात प्रार्थना करायची, हेच त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी पोरीकडं पाहिलं. आणि ठरलं.

"हां, बोल," कुसुमताई परत आल्या. "देवक ना? पाच झाडांचा पाला. पंचपालवी."

"कळंब न्हाई ना?" छबूबाई फोनवर वाकून ओरडल्या.

"कळंब? आमच्याकडं कळंबाचं झाडबी नाय, बाई. आन् आम्ही मूळचे पाणराखे तरी कुठं? आम्ही उफाडे. दुष्काळात गावच्या बारवेचं पाणी राखायला माझ्या आजेसासऱ्याला बसवलं होतं. कोणी दोन घागरींवर तिसरी भरू नाय, म्हणून. तवापासून आमचं घर पाणराखे झालं. भावकी समदी अजून उफाडेच हाय. नदीपल्याड लै घरं हायेत. पर लग्न कोणाचं रे उद्धव? बोल की!"

तिथं बारव, इथं पाट. एकाच कामानं दोन ठिकाणी, एकमेकांना न सांगता, तेच नाव दिलं होतं. पाण्याची राखण जिथं करावी लागते तिथं पाणराखे उगवणारच, त्याला रक्त कशाला लागतं?

पहिल्या छबूबाई हसल्या. पोट धरून. "आता गं बया! मंग आमच्या बापाचं सुतक ह्यानं फुकट पाळलं म्हनायचं!"

"फुकट कशाला, आक्का?" उद्धवराव म्हणाले. ते हसत नव्हते. "तुमचे वडील मला रोज शिफ्टला जाताना हाक मारायचे. भाकरी घेतली का म्हणून इचारायचे. त्यांच्यासाठी डोकं भादरलं. देवकाला इचारून न्हाई भादरलं."

लक्ष्मणरावांच्या छातीवरून काहीतरी उतरलं. किती जड होतं ते उतरल्यावर कळलं. भाऊ जाईल म्हणून ज्या उत्तराला ते इतकी वर्षं घाबरले, ते येऊन गेलं होतं, आणि उद्धव समोर तिथंच बसला होता, नेहमीसारखा एक पाय दुमडून.

"उद्धवा," ते म्हणाले, आवाज सांभाळत, "मला दादा म्हनायचं न्हाई आजपास्नं."

"मग काय म्हणू?"

"व्याही म्हण की, लेका!"

फोनमधून कुसुमताई अजून विचारत होत्या, "कोणाचं लग्न? अरे कोणाचं?" शेवटी सुजितनं फोन उचलला, लाजत म्हणाला, "आजी, माझं," आणि तो घेऊन कोपऱ्यात गेला.

"आणि आधार कार्डावर काही बदलायला नको," स्वरूपा आईला म्हणाली. "ना बँकेत, ना पीएफला. अख्ख्या महाराष्ट्रात माझ्याएवढी सुखी नवरी नसेल."

पत्रिका छापायला दिली तर छापखान्यातून फोन आला, "मामा, चूक झालीय. दोन्हीकडं एकच आडनाव पडलंय." लक्ष्मणराव म्हणाले, "चूक तुझी न्हाई, देवाचीबी न्हाई. छाप."

लग्नाच्या आदल्या सकाळी लक्ष्मणराव कळंबाची फांदी आणायला निघाले. गावातलं एकुलतं कळंबाचं झाड आता कंपनीच्या भिंतीआड, जिथं पाट होता त्या कडेला उरलंय. गेटवर नवा वॉचमन होता.

"नाव?"

"पाणराखे."

वॉचमननं कपाळाला आठी घातली. "आत्ताच एक पाणराखे येऊन गेले की! आतल्या बागेतला आंब्याचा आन् उंबराचा पाला घेऊन. तुमचे भाऊ का?"

लक्ष्मणरावांनी टोपी सारखी केली. जन्मभर ज्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं, त्याच्या शेजारचाच हा प्रश्न. "होते," ते म्हणाले. "आता व्याही हायेत. फाटक उघड, मांडव खोळंबलाय."