दिवा लागल्यानंतरचं मीठ

परवा गीझरच्या सॉफ्टनरमध्ये खडेमीठ ओतलं, आणि त्या दमट वासाने लहानपणचं आमचं राहनाळ गाव आठवलं.

मी आठवीत होते. बाबा सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात बॉयलरवर नुकतेच लागले होते. बोअरचं जड पाणी मऊ करायला मीठ लागे, नाहीतर नळ्यांत क्षार साचत. त्या संध्याकाळी कारखान्यातलं मीठ संपलं. "बॉयलर बिघडला तर शेठ मला घरी बसवेल," म्हणत बाबांनी मला बादली देऊन शेजारच्या आजींकडे पिटाळलं. मासळी खारवायला त्यांच्या ओट्यावर मिठाची गोण असायची.

मी कसंबसं मागितलं.

"दिवा लागल्याव मीठ देत न्हाय, पोरी. लक्षुमी जाते."

रिकामी बादली घेऊन मी वळले.

"आगो, थांब! मी देत न्हाय. पन मी पाठ फिरवली तं मना काय दिसतंय?"

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी ओंजळींनी बादली भरू लागले.

"झाला का? हात चालव ना!"

तेव्हा ती मला चोरी वाटली. कधी एकदा पळते असं झालं होतं. आता वाटतं, मी गल्ली ओलांडेपर्यंत आजी तशाच पाठमोऱ्या उभ्या असतील.