एका दिवसात डावी भुवई

माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या पोरी हल्ली मोबाइल पुढे धरून विचारतात, "काकू, हा एक दिवसाचा कोर्स करू का? सर्टिफिकेटपण देतात." मी कुणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायला मला तोंडच नाही, कारण मी स्वतः तसाच कोर्स केलेला आहे, आणि तोही अशा काळात, जेव्हा लातुरात पार्लर म्हणजे काय हे हातवारे करून सांगावं लागायचं. मी फक्त एवढंच विचारते, "सरावाला कुणाचं तोंड मिळणार आहे?" पोरींना वाटतं, म्हातारी चेष्टा करतेय.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादच्या खेपा वाचल्या म्हणून गावात पेढे वाटून झाले. मग कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब आले आणि साहेबांमागून त्यांच्या बायका आल्या. नव्या जिल्ह्यात सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. पावसानं दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली आणि नळ आठवड्यातून एकदा, त्याच्या लहरीला येईल तेव्हा. नळाला सूं असा आवाज आला की दूध उतू जाऊ द्यायचं, पाहुणा ताटावर बसलेला असला तरी बसू द्यायचा, पण हंडा आधी लावायचा. हा आमचा त्या काळचा धर्म होता.

सासऱ्यांचं करडई-शेंगदाण्याचं दुकान. घराची रस्त्याकडची खोली एरवी पोत्यांनी छताला भिडलेली असायची. त्या साली मालच आला नाही आणि खोली रिकामी पडली. लगेच तिला दोन गिऱ्हाइकं झाली. एक होता नव्या कचेरीतला एक कारकून, जो बिचारा जागेसाठी गावभर फिरत होता. दुसरी मी. हदगावहून मॅट्रिक होऊन या घरात आलेली, दोन वर्षं खाली मान घालून भाकऱ्या थापणारी. कापडाच्या दुकानात मी एका साहेबाची बायको पाहिली होती. तिच्या भुवया अशा रेखीव, की मी लुगडं बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. ती दुकानदाराला विचारत होती, इथं पार्लर कुठे आहे? दुकानदारानं तिला दवाखान्याचा पत्ता सांगितला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ती रिकामी खोली शिरली.

आणि एक दिवस मिरच्यांच्या पुडीचा कागद उलगडला तर त्यावर जाहिरात. नांदेडला, रविवारी, एका मंगल कार्यालयात, हैदराबादच्या तज्ज्ञ मॅडम भुवया, फेशियल, ब्लीच, मेंदी, केशरचना आणि नववधूचा शृंगार हे सगळं दहा ते पाच या वेळात शिकवणार. शेवटी सर्वांना प्रमाणपत्र. आज तो कागद कुणी दाखवला तर मी हसेन. तेव्हा मी तो चार वेळा वाचला आणि उशीखाली ठेवला.

घरात चालायचं ते सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे, सोमवारी महादेवाच्या देवळात बायकांच्या भजनाला पुढे बसायचा मान, आणि आवाज असा की सासरेसुद्धा आधी त्यांचं तोंड बघून मग बोलायचे. मी भीत भीत कागद पुढे केला.

"एका दिसात शिकून येतीस?" त्या म्हणाल्या. "शिक्क्याचा कागद देत्यात?"

"हाव, देऊन राहिलेत."

"मग मी बी येते. तिथं गोदावरी हाय. पानी तरी आनू."

जिल्हा झाल्यापासून त्यांचा शिक्क्यावर फार विश्वास बसला होता. ज्या कागदावर शिक्का नाही तो त्या दुकानात पुड्या बांधायला द्यायच्या. अटही त्यांनीच घातली. "कागद घेऊन ये आन् हात चालवून दाखीव. चालला तर खोली तुझी. न्हाई तर एक तारखेला कारकून राहाया येनार. मग माझ्यापुढं रडायचं न्हाई." मी हो म्हटलं. मला वाटलं, एका दिवसात येणार नाही असं त्यात काय आहे?

रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. माझ्या हातात वही, त्यांच्या हातात तेलाचा रिकामा मोठा डबा. मंगल कार्यालयात चाळीसेक बायका. मॅडम शिफॉनच्या साडीत, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. "देखो, धागा ऐसा पकडने का. एक टोक दाँत में." दोरा दातात, दोन्ही हातांत पीळ, आणि तो पीळ पुढेमागे सरकवायचा की केस उपटून येतो. आधी सराव आपापल्या पोटरीवर. बोहल्यासमोर चाळीस बायका लुगडी गुडघ्याशी घेऊन, तोंडात दोरा धरून स्वतःच्या पोटऱ्या सोलत बसल्यात, असं ते दृश्य होतं. आत्याबाई मागे डब्यावर बसून बघत होत्या. "ह्यासाठी एवढ्या लांब आलो व्हय?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की मॅडमचा पीळ चुकला.

नववधूचा शृंगार पंधरा मिनिटांत झाला. एका पोरीला बसवून मॅडमनी तिला चुन्याच्या भिंतीसारखी पांढरी केली आणि "ये हो गया ब्राइडल" म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी वहीत "नववधू" असं लिहून पुढे रेघ मारली. फेशियलला मॅडम मगच्या मग पाणी ओतायला लागल्या तेव्हा मात्र आत्याबाई उठून उभ्याच राहिल्या. "एका तोंडाला एवढं पानी? आमच्यात एवढ्यात चार पोरं आंघुळ करत्यात!"

दुपारी खरं काम. जोड्या लावायच्या आणि एकमेकींच्या भुवया करायच्या. मोजणी विषम निघाली आणि मी एकटी उरले. मॅडम म्हणाल्या, जिच्याकडे तोंड नाही तिला प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर सर्टिफिकेट नाही. मला रडूच फुटायचं बाकी होतं. एवढ्यात मागून डबा वाजला.

"कागद मिळंना म्हंजी? एवढं बसचं भाडं घालून आलो ते?" आत्याबाई आल्या आणि खुर्चीत बसल्या. "घे माझी भिवई. लवकर कर."

मी आयुष्यात त्यांच्या पायांशिवाय कशाला हात लावला नव्हता. आता त्यांच्या कपाळाला बोटं टेकवायची होती. मॅडमनी मला आत्याबाईंच्या समोर, डाव्या अंगाला उभं केलं, माझे हात आपल्या हातांत धरले आणि आम्ही डाव्या भुवईला लागलो. आत्याबाईंनी दर केसागणिक महादेवाचं नाव घेतलं. पण अर्ध्या तासानं भुवई अशी झाली की मॅडमनी सगळ्या बायकांना बोलावून दाखवली. कमान म्हणजे कमान. मला आजही ती आठवली की अभिमान वाटतो, जरी त्यातला मोठा वाटा मॅडमच्या हातांचा होता.

आता उजवीकडे जायचं, तेवढ्यात अंगणातून सूं आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, "नळ आला!"

नांदेडच्या बायका जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्याकडे तो रोजच येत होता आणि रात्रीपर्यंत चालणार होता. पण लातूरच्या बाईला ते कोण सांगणार? आत्याबाई खुर्चीतून उठल्या, माझ्या दातातला दोरा ओढून निघाला, आणि एक भुवई कोरलेली, एक जंगल, अशा त्या डबा घेऊन अंगणात पळाल्या. मीही मागोमाग पळाले. लाज वाटते सांगायला, पण मला कुणी थांबवलं असतं तरी मी थांबले नसते. डबा विसळला, भरला, झाकण घट्ट बसेना म्हणून चिंधी शोधली, मग मंगल कार्यालयाची घागर दिसली तर तीही भरून ठेवली, सवय. परत आलो तेव्हा मॅडम प्रमाणपत्रं वाटत होत्या. त्यांची हैदराबादची गाडी होती. माझ्या हातात कागद ठेवून माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "दूसरी भी वैसीच करने की."

एसटीत आत्याबाईंनी आधी शिक्का नीट तपासला. मग पलीकडच्या बाकावरची बाई आपल्याकडे टक लावून बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर उजव्या डोळ्यापर्यंत ओढला. "उद्या सोमवार हाय," एवढंच म्हणाल्या. पुढचे चार तास त्या मांडीवर डबा घट्ट धरून बसल्या. मी मनात धागा दातात धरून उजवी भुवई करत होते आणि ती काही केल्या जमत नव्हती, कारण मला फक्त डावी शिकवली होती.

सोमवारी सकाळी देवळात जायच्या आधी मी त्यांच्या उजव्या अंगाला उभी राहिले. हात चालेनात. पीळ उलटा पडायचा, दोरा निसटायचा, केस तसाच. मग मला एक युक्ती सुचली, आणि मॅट्रिकला गणितात पहिली आल्याचा जो काही गर्व होता तो त्या युक्तीत गेला. आत्याबाईंना बाजेवर आडवं केलं आणि मी त्यांच्या डोक्याकडे बसले. आता उजवी भुवई बरोबर माझ्या उजव्या हाताला आली, काल डावी होती तशी. हात झरझर चालायला लागले. कालच्यासारखेच माझ्या बाजूचे सगळे केस मी साफ केले. गणित बरोबर होतं. फक्त चेहरा उलटा आहे हे मी धरलं नव्हतं. काल माझी बाजू डोळ्याकडची होती, आज ती कपाळाकडची. मी भुवई वरून सोलली होती.

आत्याबाई उठून बसल्या. डावी भुवई वर चढून "काय गं?" म्हणून विचारतेय आणि उजवी डोळ्यावर उतरून झोपलीय. त्यांनी आरसा घेतला. बराच वेळ बघितलं. माझा नवरा दाराशी आला होता तो आल्या पावली परत फिरला. आत्याबाईंनी विभूतीचे पट्टे त्या दिवशी जरा जाडच ओढले, शेवटचा पार भुवयांना टेकवला, आणि देवळात गेल्या. पुढे बसायचा मान होता, तिथंच जाऊन बसल्या.

दुपारी त्या परतल्या आणि जेवताना सासऱ्यांना म्हणाल्या, "कारकुनाला सांगा, एक तारखंला या म्हनावं."

मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि रिकाम्या रांजणापाशी बसून रडले. खोलीसाठी रडले, आणि स्वतःच्या गाढवपणासाठीही. थोड्या वेळानं पाठीमागे पाट सरकवल्याचा आवाज आला. आत्याबाई बसल्या होत्या, माझ्याकडे तोंड करून.

"बोली म्हंजी बोली," त्या म्हणाल्या. "खोली गेली. त्याला मी काय करनार न्हाई. पर दोरा टाकू नगंस."

"आता कोण बसणार माझ्यापुढं, आत्याबाई?"

"मी हाय की. पंधरा-वीस दिसांत केस येत्यात. आले की बसते. उजवीकडून शीक."

"अजून बिघडलं तर?"

"बिघडू दे. पोरीबाळींची तोंडं नासवू नगंस, त्यास्नी उजवायचंय. माझ्याकडं आता कोन बघतंय? तुझ्या मामंजींनी लग्नात बघितलं त्येवढंच."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर म्हणाल्या, "तिथं न्हाई, वर बघ."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर तीन आठवड्यांनी त्या माझ्यापुढे बसल्या. त्या दुष्काळात आमच्या घरी एकच पीक नेमानं येत होतं, आत्याबाईंच्या भुवया. त्या आरशात बघून "उगवन बरी हाय" म्हणायच्या आणि पाटावर येऊन बसायच्या. एकदा मी डावीसुद्धा बिघडवली. एकदा उजवी जवळजवळ गेलीच, तेव्हा त्या काजळाची रेघ ओढून भजनाला गेल्या आणि घामानं ती गालावर उतरली. देवळातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आत्याबाई घरी येऊन मला हिशेब द्यायच्या, "आज तिघी हसल्या." पुढच्या खेपेला, "आज दोघीच." कधी चिडायच्याही. दोरा चिमटला की पाठीत धपाटा घालायच्या, मग परत मान वर करायच्या. कारकून पुढच्या खोलीत सुखानं नांदत होता, सकाळी मोठ्यानं पेपर वाचायचा, आणि मला त्याचा आवाजही सहन व्हायचा नाही.

एके सकाळी मी दोरा थांबवला आणि मागे सरकून बघितलं. दोन्ही सारख्या. मला विश्वास बसेना म्हणून मी काडी धरून मापल्या. आत्याबाई आरसा घेऊन अंगणात उजेडात गेल्या. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. आरसा ओट्यावर ठेवला आणि सरळ पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी आत भिंतीला लागून ऐकत होते, दोरा अजून दातातच.

"भाऊसाहेब, दुसरी खोली बगा."

कारकुनाचं पेपर वाचणं थांबलं. "का हो मावशी? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय बी चुकलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या सुनंला येतंय आता."